माल ओळखणार आम्ही, सही मात्र दुसऱ्याची!



महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांनी मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरवली. १९८२ चा संप झाला, मागाहून एकेका गिरणीचा भोंगा गप्प झाला, जमिनीवर टॉवर उठले. आता आपली पोरं जातात कुठं? कुणी महाडच्या एमआयडीसीत रसायनांच्या पिंपाशी, कुणी न्हावा-शेव्याला कंटेनरमागे. न्हावा-शेवा काय परमुलखात आहे? आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात १९८९ साली हे बंदर सुरू झाले. बंदर आपल्या जिल्ह्यात, घाम आपला. मग मालाच्या कागदावर सही करणारा आपल्यातला का नसावा?

ही सही कस्टम्स ब्रोकरची. पूर्वी त्याला कस्टम हाऊस एजंट म्हणत, २०१३ च्या नियमांनी नाव बदलले. माल बाहेर जायचा तर शिपिंग बिल, आत यायचा तर बिल ऑफ एंट्री. ते व्यापाऱ्याच्या वतीने भरायचे, मालाचे सदर ठरवायचे, जकातीचा हिशेब मांडायचा, तपासणी पुरी करून माल सोडवायचा, हे त्याचे काम. सदर चुकले की जकात चुकते, माल अडकतो, बंदराचे भाडे चढत राहते.

"हे वकिली डोक्याचे काम, गिरणीवाल्याचे नव्हे," असे सांगणारे शहाणे पुष्कळ आहेत. साफ खोटे! जकातीच्या पुस्तकाचा ५२ वा अध्याय कापसाचा. कापूस ८५ टक्के किंवा जास्त असलेले कापड चौरस मीटरला २०० ग्रॅमपर्यंत भरले तर सदर ५२०८, त्याहून जड भरले तर ५२०९. कोरे, धुतलेले, रंगवलेले, छापलेले, प्रत्येकाचा रकाना निराळा. वीण साधी की ट्विल, तेही बघतात. सांगा, हे कुणाला आधी कळेल? खुर्चीवरच्या साहेबाला, की बोटात कापड धरून त्याचा पोत सांगणाऱ्या साचेवाल्याला?

पण नुसत्या हुन्नराने परवाना मिळत नाही. वाट सांगतो, घरच्या पोरापोरींना वाचून दाखवा. २०१८ च्या नियमांप्रमाणे ब्रोकरच्या पेढीत कस्टम्सचे काम करायला किमान बारावी पाहिजे. खात्याच्या मंजुरीने एच कार्ड मिळते. खात्याची परीक्षा उतरला की जी कार्ड, मग ब्रोकरच्या वतीने कागदावर सही करता येते. जी कार्डावर दोन वर्षे काम केलेला पदवीधर परवान्याच्या परीक्षेला बसू शकतो. ही परीक्षा लेखीही असते, तोंडीही. वकिलीची पदवी किंवा कस्टम्सच्या कामाचा मान्य डिप्लोमा असलेल्या पदवीधराला त्या दोन वर्षांची अट नाही. वर ५ लाखांची मालमत्ता दाखवावी लागते. गरिबाचे पाऊल अडते ते इथेच!

आता नवे जॉबर ओळखा. एक म्हणतो, "पैसे टाका, परवाना मिळवून देतो." अरे, परवाना विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही! दुसरा पोराला वर्षानुवर्षे फायली घेऊन पळवतो आणि कार्डाचे नाव काढत नाही. बदलीवाल्याला कायम न करणाऱ्या जॉबरचाच हा भाऊ. पोरांनो, पगाराबरोबर कार्डाचेही विचारा. आणि कार्ड हाती आले की डोळे मिटून सही करू नका. गिऱ्हाईक खरे आहे का, त्याचा पत्ता खरा आहे का, हे तपासणे ब्रोकरवर बंधनकारक आहे.

इंग्रजीचा बागुलबुवा दाखवतात. २००४ च्या नियमांत इंग्रजीबरोबर त्या ठिकाणच्या स्थानिक भाषेचे ज्ञान मागितले होते, आणि फक्त गोदीत काम करणाऱ्याला इंग्रजीची सक्ती नव्हती. न्हावा-शेव्याची स्थानिक भाषा कोणती? मराठी! मग मराठी पोर दाराबाहेर का?

म्हणून मागणी ही: युनियनींनी आणि मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांनी महाडात आणि पोलादपुरात या परीक्षांचे रात्रीचे वर्ग काढावेत, मराठीतून समजावून सांगणारे. पतपेढ्यांनी होतकरूच्या पाठीशी उभे राहावे. गणपतीच्या वर्गणीतला वाटा याला द्या, बाप्पा रागावणार नाही!

याच महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन हक्क बजावला. कुणी आणून देईल म्हणून ते काठावर थांबले नाहीत. आपणही थांबायचे नाही.

घाम आमचा, हुन्नर आमचा, सहीही आमची झालीच पाहिजे!