सोफ्याच्या मागचा 'रझा स्टाईल' बिंदू: छापायचा हक्क कुणाला?

बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमध्ये जुन्या सोसायट्या पाडून टॉवर उभे राहतायत. नव्या घरात सोफ्यामागची भिंत मोकळी असते आणि ऑनलाइन काही शे रुपयांत फ्रेमसकट वर्तुळ-त्रिकोणांचं प्रिंट मिळतं. मधोमध काळा बिंदू असेल तर ती सय्यद हैदर रझांची आठवण.

रझा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. त्यांचं १९८९चं 'जेस्टेशन' २०२३मध्ये मुंबईतल्याच लिलावात ५१.७५ कोटींना गेलं.

भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. रझा २०१६मध्ये गेले. म्हणजे २०७६ संपेपर्यंत त्यांचं चित्र परवानगीशिवाय छापून विकता येत नाही. गंमत म्हणजे, कोट्यवधी मोजून मूळ चित्र घेणाऱ्यालाही हा हक्क आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळा लेखी करार लागतो. मॉन्ड्रियन आणि कँडिन्स्की मात्र १९४४मध्ये गेले, त्यामुळे त्यांची चित्रं भारतात २००५पासून कुणीही छापू शकतं.

अडचण अशी की वर्तुळ, त्रिकोण, ठिपका यांवर कुणाचीच मालकी नसते. काही विक्रेते हीच फट वापरतात: दोन रंग बदलायचे, चित्रकाराचं नाव गाळायचं, वर 'वास्तूसाठी शुभ' लिहायचं (रझांना हे कितपत रुचलं असतं?). ही प्रेरणा की नक्कल, हे प्रत्येक चित्रापुरतं कोर्टच ठरवू शकतं.

कायद्याचा रोख छापणाऱ्या-विकणाऱ्यावर आहे, घरात लावणाऱ्यावर नाही. तरी घेताना चित्रकाराचं नाव आणि परवानगीबद्दल विचारा. 'हँडपेंटेड' म्हणून विकत असतील तर भिंग धरून बघा, छपाईचे बारीक ठिपके लगेच दिसतात.