रंग कुणाच्या नावावर नाहीत

गेल्या वर्षी 15 ऑगस्टला एका शाळेत झेंडावंदनाला गेलो होतो. चौथीतली एक मुलगी भाषणाला उभी राहिली. हातात घड्या पडून मऊ झालेला वहीचा कागद, त्यावर केशरी आणि हिरव्या स्केचपेनने लिहिलेल्या ओळी. ‘केशरी रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा शांतीचा,’ ती खणखणीत आवाजात म्हणाली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. ते वर्षभर सलते आहे आणि आमच्या यंदाच्या अंकाला ‘रंग’ हा विषय मिळाला तो त्यातूनच.

वाक्य तिचे नव्हेच. ते मोबाइलवर फिरते, सभांमधून ऐकू येते. सांगायला जड जाते, पण आमच्याकडे आलेल्या दोन लेखांतही होते.

त्याला मूळ आहे. 1921 साली बेझवाड्याला पिंगली वेंकय्यांनी गांधीजींपुढे तांबड्या-हिरव्या झेंड्याचा आराखडा ठेवला, तेव्हा अर्थ असाच लावला गेला: तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा. बाकीच्या धर्मांसाठी गांधीजींनी पांढरा घालायला सांगितला, शिवाय चरखा. केशरी त्यात नव्हताच! आणि एकदा वाटणी सुरू झाली की हिस्सा मागणारे येणारच. शीख म्हणाले, आमचा रंग कुठे आहे? म्हणून 1931 मध्ये काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. पटेल, नेहरू, आझाद यांच्याबरोबर तीत आपले काकासाहेब कालेलकर होते आणि हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकरही. समितीने सबंध झेंडाच केशरी सुचवला. तो मानला गेला नाही. ऑगस्टमध्ये केशरी, पांढरा, हिरवा असा तिरंगा ठरला आणि या रंगांना कुठलाही जातीय अर्थ नाही, हे ठरावातच नोंदवले गेले. केशरी धैर्याचा आणि त्यागाचा, पांढरा सत्याचा आणि शांतीचा, हिरवा श्रद्धेचा आणि शौर्याचा. हे ठरवणारी काँग्रेसची बैठक मुंबईत झाली. मुंबईतला ठराव इतक्या वर्षांत आपल्याच शाळांपर्यंत पोचू नये, याचा संताप येतो.

22 जुलै 1947 ला संविधान सभेने चरख्याच्या जागी चक्र घेऊन हाच झेंडा स्वीकारला. त्या दिवशी डॉ. राधाकृष्णन यांनी हिरव्याचा अर्थ सांगितला तो मातीशी आणि झाडापिकांशी असलेल्या नात्याचा. पावसाने शेते खरवडून नेलेल्या आपल्या शेतकऱ्याला तो समजावून द्यावा लागणार नाही. केशरीचा अर्थ त्यांनी नेत्यांशी जोडला: स्वतःच्या लाभावर पाणी सोडायची तयारी. हा अर्थ मात्र एकाही सभेत माझ्या कानावर आलेला नाही.

बाकी अंकात पैठणीचे रंग आहेत, मुंबईच्या गिरण्यांतल्या रंगखात्यांच्या आठवणी आहेत, नेहमीच्या कथा-कविता आहेत. त्या दोन लेखांतले ते वाक्य आम्ही काढले आणि लेखकांना कारणही कळवले. एक प्रत त्या मुलीच्या नावाने शाळेकडे धाडली आहे. ती आता पाचवीत असेल.