सिलिकॉन मारू?

आमची गाडी बारा वर्षांची. सेकंडहँड घेतली तेव्हा सनरूफ 'फुकटात' मिळालं म्हणून मी जाम खूश होतो. मागच्या जुलैत ताम्हिणी घाटात बायकोच्या मांडीवर टपकन पाणी पडलं. दोन दिवसांनी पायाखालचं कार्पेट पिळून घ्यावं इतकं ओलं, आणि त्याखालीच सगळं वायरिंग!

गॅरेजवाल्याने मिनिटात निदान केलं. "साहेब, रबर गेलं. सिलिकॉन मारून कायमचं बंद करू?" बरेच जण हेच करतात. माझ्या मते हा निव्वळ आळशीपणा आहे.

कारण सनरूफचं रबर सगळं पाणी अडवायला नसतंच. (मलाही हे तेव्हाच कळलं. इंजिनिअरिंगची चार वर्षं... असो.) थोडं पाणी आत येणार हे धरूनच डिझाईन केलेलं असतं. काचेच्या कडेने खाली एक पन्हळ असते, तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांच्या आतून खाली उतरतात आणि पाणी गाडीबाहेर सोडतात. गाडी रोज झाडाखाली उभी राहिली की नळीत पानांचा चुरा आणि धूळ बसते, पन्हळ भरते आणि पाणी छताच्या कापडातून थेट डोक्यावर. आता वरून सिलिकॉन थापलं तरी नळी तुंबलेलीच. सिलिकॉनला भेग पडली की पुन्हा गळती, आणि साफ करायचं तर आधी ते खरवडा!

शनिवारी सनरूफ उघडून पुढच्या कोपऱ्यातल्या भोकात कपभर पाणी हळूहळू ओतलं. डावीकडे दाराच्या बिजागरीजवळ छान धार. उजवीकडे थेंबही नाही. सापडला बग! गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घेतली, टोक मेणबत्तीवर गोल केलं आणि हलक्या हाताने आत सरकवली. आधी काळा गाळ आला, मग पाणी. कॉम्प्रेसरची हवा मात्र जोरात मारू नका. नळी आतल्या आत निसटली तर छताचं अस्तर उतरवायची वेळ येते.

कधी रबर खरंच फाटलेलं असतं, नळी तुटलेली असते, मान्य. पण आधी कपभर पाणी ओतून तर बघा राव.

खर्च शून्य. कार्पेट वाळायला मात्र आठवडा गेला, पुण्यात जुलैत ऊन आणायचं कुठून? बायको अजूनही पावसात मागच्या सीटवर बसते.