मानधन वाढलं, सचिव बदलले. पण पेण-रोह्यातल्या दिव्यांगांचे ५ टक्के कोण ठरवणार?

दिव्यांगांशी संबंधित दोन बातम्या तुमच्याही मोबाईलवर आल्या असतील. ऑगस्ट २०२५ मध्ये तुकाराम मुंढे दिव्यांग कल्याण विभागाचे सचिव झाले आणि सरकारी नोकरीतल्यांच्या दिव्यांग प्रमाणपत्रांच्या पडताळणीला जोर आला. ऑक्टोबरपासून संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना मिळणारे पैसे दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये झाले.

बनावट प्रमाणपत्रावर लाभ घेणाऱ्याला २०१६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, शिवाय दोन्हीही होऊ शकतं. खऱ्या उमेदवारांच्या ४ टक्के जागा वाचायला याची गरज होतीच. पण ज्याला नोकरीच नाही, त्याच्या घरात या मोहिमेने लगेच काय बदलणार?

वाढलेल्या पैशांचंही तसंच. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार आहे, म्हणजे महिन्याला साधारण ४,१६७ रुपये. धाटाव एमआयडीसीत घरातला एक जण कंत्राटी कामाला असला, तरी कुटुंब सहज मर्यादेबाहेर जातं. रक्कम वाढवली, पण दार तेवढंच अरुंद ठेवलं.

आता तुमच्या गावातली गोष्ट. नगरपरिषद असो, जिल्हा परिषद असो की ग्रामपंचायत, प्रत्येकीने आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पेण आणि रोहा नगरपरिषदांत जवळपास चार वर्षं प्रशासक होते. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर तिथे नगराध्यक्ष आणि नगरसेवक आलेत. मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या हाती असलेल्या रायगड जिल्हा परिषदेची निवडणूक फेब्रुवारी २०२६ मध्ये झाली. अर्थसंकल्पात हे ५ टक्के कुठे जाणार, हे आता तुम्ही ज्यांना मत दिलंत ते ठरवतील. जिल्हा परिषदेच्या प्रशासकाला जाब विचारायला अलिबाग गाठावं लागायचं. नगरसेवक बाजारात भेटतो.

यात एक मोठी अडचण आहे. कारखान्यांकडून कर मिळणाऱ्या ग्रामपंचायतीचे ५ टक्के आणि डोंगरातल्या आदिवासी वाड्यांच्या ग्रामपंचायतीचे ५ टक्के सारखे कसे असतील? घरपट्टीच जेमतेम जमा होते तिथे या निधीतून एक व्हीलचेअरही निघणं कठीण. अपंगत्व तेच, पण गाव बदललं की मदत बदलते. ही दरी जिल्हा परिषदेचा निधीच थोडीफार भरून काढू शकतो, म्हणून जिल्हा परिषदेवर निवडून आलेल्यांना हे विचारायला हवं.

पुढच्या ग्रामसभेत तीन आकडे मागा: गेल्या वर्षीचं स्वउत्पन्न किती, त्याचे ५ टक्के किती आणि प्रत्यक्ष खर्च किती, कशावर. तोंडी उत्तर मिळालं नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.