मोजण्याचीही मजुरी असते

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, दुकानाचं शटर मी अर्धं खाली ओढलं होतं. सेकंड शिफ्ट सुटलेला एक मुलगा दीडशे सीसीची मोटारसायकल ढकलत आला. "काका, परत बॅटरी बसली. चौदा महिन्यांत ही तिसरी." कंत्राटी कामगार होता. आधीच्या दोन्ही बॅटऱ्यांची बिलं त्याने आरसी बुकासोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती.

मी मीटर लावला. गाडी बंद असताना 11.9 व्होल्ट. किकवर सुरू करून रेस दिली, तरी काटा 12.3 च्या पुढे सरकेना. चार्जिंग नीट असेल तर चार-पाच हजार आरपीएमला तिथे साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. म्हणजे बॅटरीला पुरेसं चार्जिंग मिळतच नव्हतं. वीज बनवणाऱ्या मॅग्नेट कॉईलकडून, ती वीज बॅटरीजोगी करणाऱ्या रेक्टिफायरला जाणारं सॉकेट सोडवलं. तिथल्या तीन पिवळ्या वायरींत मीटर एसीवर ठेवून दोन-दोनच्या तिन्ही जोड्या तपासल्या. आकडे तिन्हीकडे सारखे. इंजिन बंद करून प्रत्येक वायर आणि बॉडी यांच्यात पाहिलं, कुठलीही वायर बॉडीला शॉर्ट नव्हती. कॉईल ठणठणीत होती. रेक्टिफायरचे डायोड एका बाजूने सोडत होते, दुसऱ्या बाजूने अडवत होते. तोही चांगला. मग सॉकेट टॉर्चच्या उजेडात नीट पाहिलं. एक पिन काळी पडली होती, भोवतीचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालं होतं. नवं सॉकेट बसवलं, गाडी सुरू केली, रेस दिली. मीटरवर 14.1.

सॉकेटचे ऐंशी रुपये झाले. त्या मुलाच्या बॅटऱ्यांचा दोष कधीच नव्हता.

वाळूजच्या बजाजनगरात मी बावीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतोय. अशा गाड्या माझ्याकडे सतत येतात. गाडी सेल्फ घेत नाही म्हटलं की आधी बॅटरी बदलायची, महिन्याभरात तीही बसली की रेक्टिफायर, मग कॉईल. शेवटी कुठेतरी नेम लागतो. तोवर गिऱ्हाइकाचे पाच-सहा हजार गेलेले असतात. यासाठी मेकॅनिकला शिव्या घालणं सोपं आहे. पण मेकॅनिक मोजत का नाही, हेही विचारलं पाहिजे. नवी बॅटरी विकली की त्याला चार पैसे सुटतात. अर्धा तास बसून दोष शोधला तर गिऱ्हाईक म्हणतं, "नुसता मीटर तर लावला, त्याचे कसले पैसे?" हे वाक्य मी आजवर इतक्या वेळा ऐकलंय की मोजदाद नाही. डॉक्टरला आपण तपासणीची फी देतो, औषधाचे पैसे वेगळे देतो. गाडीच्या बाबतीत मात्र हातात नवी वस्तू पडली तरच काम झालं असं आपण मानतो. ज्या कामाला मजुरी नाही ते काम बाजारातून जातं. गाडी मोजून दुरुस्त करण्याचं कामही असंच चाललं आहे.

एके काळी न मोजताही चालून जायचं. जुन्या कितीतरी गाड्या बॅटरी मेली तरी किकवर घरी पोचवायच्या. दिवा रेसवर उजळायचा, रेस सोडली की मंद व्हायचा, एवढंच. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिन चालू असेतो पेटलेलाच राहतो. पस्तीस वॅटचा बल्ब म्हणजे सतत जवळपास तीन अँपिअर. शहरातल्या जालना रोडवर सिग्नलमागून सिग्नल थांबत गेलात तर मंद रेसवर कॉईल जेमतेम तेवढंच बनवते. त्यात कुणी जादा फॉगलाईट, मोठा हॉर्न, मोबाईलचा चार्जर जोडलेला असतो. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं. आता पेट्रोलचा पंप आणि इंजिन सांभाळणारा ईसीयूसुद्धा बॅटरीवर. चार्जिंग गेलं आणि बॅटरी उतरली की गाडी जागच्या जागी उभी.

तरीही गॅरेजमध्ये जुनी सवय टिकून आहे. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची. गाडी चालत राहिली तर चार्जिंग चांगलं. कृपा करून कुणालाही हे करू देऊ नका. बॅटरी सुटताच व्होल्टेज उसळतं आणि हजारो रुपयांचा ईसीयू जळू शकतो. बॅटरीच्या टोकांना वायर घासून ठिणगी पाहण्यातूनही काहीच कळत नाही.

वाचकांनी तीन आकडे लक्षात ठेवावेत. साधा मीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना, ते आधी पाहा. अँपिअरच्या भोकात ठेवून बॅटरीला लावली तर शॉर्ट होतं. मीटर डीसीच्या वीस व्होल्टवर ठेवा. पहिला आकडा सकाळी, गाडी सुरू करण्याआधीचा: साडेबाराच्या वर असेल तर बॅटरी भरलेली, बाराला आली असेल तर उतरलेली. दुसरा सेल्फ दाबतानाचा: भरलेली बॅटरीसुद्धा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर ती खरंच संपली, बदला. तिसरा रेस दिल्यावरचा: साडेतेरा ते साडेचौदा. त्याहून कमी असेल तर दोष कॉईल, रेक्टिफायर किंवा वायरिंगमध्ये. पंधराच्या वर गेला तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे. तो नवी बॅटरीही उकळून फुगवेल. आपल्याकडच्या बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तर फार लवकर.

आणखी एक सांगतो. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी सीटखालच्या सॉकेटवर मारू देऊ नका. मी पाहिलेली निम्मी काळी सॉकेटं अशा पाण्यानेच सडलेली होती.

या शहरात ‘आधी मोजा’ हे सांगावं लागतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. 1985 साली बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांची वसाहत उभी राहिली. इथे बनणारा भाग मोजल्याशिवाय गेटबाहेर पडत नाही. ते मोजणारे हात इथल्याच पोरांचे आहेत. आणि त्यांचीच गाडी बिघडली की ती अंदाजाने दुरुस्त होते. हे बदलता येईल. आयटीआयच्या मुलांना परीक्षेपुरता नाही, तर रोज हातात मीटर द्या. गॅरेजवाल्यांनी बॅटरीच्या बिलावर हे तीन आकडे लिहून द्यावेत. शिवाय बॅटरीत शिसं आणि आम्ल असतं. ती जितकी वर्षं जास्त टिकेल तितका हा विषारी कचरा कमी. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. चांगली बॅटरी उगाच न बदलण्याची जबाबदारी मात्र आपली.

त्या मुलाकडून मी तपासणीचे शंभर रुपये वेगळे मागितले. त्याने दोन्हींचे पैसे मोजून दिले आणि म्हणाला, "काका, हे शंभर मी पहिल्यांदाच दिले असते तर तीन हजार वाचले असते." पुढच्या वेळी मेकॅनिक म्हणाला, "बॅटरी गेली," तर त्याला सांगा, "आधी मोजून दाखवा, मोजण्याचे पैसे मी देतो." आणि ते खरंच द्या.