विश्लेषण : संकरित सूर्यफुलाचे घरचे बियाणे दगा का देते?

संकरित सूर्यफुलाचे पीक चांगले आले म्हणून त्यातलेच दाणे पुढच्या हंगामात पेरले, तर शेत एकसारखे दिसत नाही. झाडांची उंची कमी-जास्त होते, काही फुलांत परागच नसतात. असे का होते?

संकर कसा घडवतात?
सूर्यफुलाच्या एका तबकात शेकडो लहान फुले असतात. प्रत्येकातील पुंकेसर हाताने काढून बियाणे तयार करणे परवडणारे नाही. फ्रान्सच्या लेक्लेर्क यांनी १९६९ मध्ये रानटी प्रजातीशी केलेल्या संकरातून पराग न देणारी, म्हणजे नर वंध्य झाडे मिळाल्याचे मांडले. हा गुण पेशीद्रव्यातून, केवळ आईकडून उतरतो. पराग परत आणणारे जनुक मात्र केंद्रकात असते. ते नर वाणाकडून येते. याच पद्धतीचा ‘बीएसएच-१’ हा संकरित वाण बंगळूरुच्या कृषी विद्यापीठातून १९८० मध्ये आला.

पुढच्या पिढीत काय बिघडते?
आईचे पेशीद्रव्य प्रत्येक दाण्यात उतरते. पराग आणणारे जनुक मात्र प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. मेंडेलच्या नियमाने सरासरी चारातले एक झाड नर वंध्य निघते. त्याचे दाणे शेजारच्या झाडांच्या परागांवर आणि मधमाश्यांवर अवलंबून राहतात. शिवाय दोन वेगळ्या वाणांच्या मिलनातून आलेला संकरजोम साधारण निम्म्यावर येतो. पीक एकाच वेळी पक्व होत नसल्याने काढणीही लांबते.

कायदा काय सांगतो?
पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ शेतकऱ्याला घरचे बियाणे राखण्याचा व पुन्हा पेरण्याचा हक्क देतो. संकरित वाणात हा हक्क कागदावरच उरतो. निसर्गनियमच आडवा येतो.

मग उपाय काय?
संकरित वाण नाकारणे हा उपाय नव्हे. त्याचे उत्पादन जास्त आहे. पण दरवर्षी पिशवी विकत घ्यावी लागणार, हे शेतकऱ्याला खरेदीआधीच कळायला हवे. कृषी विद्यापीठांनी आपल्या संकरित वाणांचे नर आणि मादी वाण शेतकरी गटांना बीजोत्पादनासाठी द्यावेत आणि सरळ वाणांवरचे संशोधनही थांबवू नये. सूर्यफूल तेलासाठी रशिया, युक्रेन, अर्जेंटिनाकडे पाहणाऱ्या देशात बियाण्याचा पर्याय एकच असणे परवडणारे नाही.