नोकरांचेही नोकर

इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या हवेलीचा फोटो पाहिला की आपलं लक्ष कुठे जातं? झुंबरं, गालिचे, जेवणाचं लांबलचक टेबल. ते सगळं रोज पुसायचं कोण, हा प्रश्न आपल्या मनात येतच नाही. 1891 च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये 13 लाखांहून अधिक स्त्रिया व मुली घरकामाला होत्या!

मोठ्या घरांत या नोकरांचीही उतरंड असे. पुरुषांमध्ये वर बटलर, स्त्रियांमध्ये हाउसकीपर. त्यांच्या खाली फुटमन, खोल्या आवरणाऱ्या मोलकरणी आणि अगदी तळाला भांडी घासणारी पोर. ती अंधारातच उठायची आणि रात्रीपर्यंत राबायची. मिसेस बीटन यांच्या 1861 च्या गृहव्यवस्थेवरील पुस्तकात हाउसकीपरचा वर्षाचा पगार 20 ते 45 पौंड दिला आहे, तर भांडीवालीचा फक्त 5 ते 9 पौंड.

जेवायला बसायचं तेही दर्जानुसार. अनेक घरांत मुख्य जेवण झालं की वरचे नोकर उठून हाउसकीपरच्या खोलीत पुडिंग खायला जात. पाहुण्यांचे नोकर आले, तर मालकाचा मान जेवढा, तेवढा त्यांचा मान. हाउसकीपरला लग्न झालेलं नसलं तरी 'मिसेस' म्हणायचं. उलट काही घरांत फुटमनचं खरं नावच बदलून टाकायचे, मालकाला सोयीचं पडावं म्हणून!

काही जण म्हणतील, एवढा मोठा कारभार शिस्तीशिवाय कसा चालेल? बरोबर आहे. कामाची वाटणी हवीच. पण पुडिंग कोणी कुठे खायचं, कोणाला कोणत्या नावाने हाक मारायची, याचा कामाशी काय संबंध?

मला वाटतं, ही व्यवस्था केवळ मालकाच्या धाकावर टिकली नाही. वरच्याचं ऐकून घेणाऱ्या प्रत्येकाला, आपल्या खाली अजून कोणीतरी आहे, याचं समाधान होतं. ज्याने अपमान सोसला, तोच खालच्याचा अपमान करू लागला. उतरंड टिकते ती अशी.

हे सगळं लांबच्या देशातलं, जुन्या काळातलं आहे असं म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या घरी धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींचं पूर्ण नाव तुम्हाला माहीत आहे का? त्यांचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असतो का?

उत्तर मला सांगू नका. आज घरी गेल्यावर बघा.